सुईचा भार

पंचवीस हजारांत रेकॉर्ड वाजवायचं पहिलं यंत्र कुठलं घ्यावं, यावर आमच्या घरात सरळ दोन मतं पडली. एक मत यजमानांचं. त्यांची उभी नोकरी लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपात गेली. जे उघडून दुरुस्त करता येत नाही त्याला ते यंत्रच म्हणत नाहीत. दुसरं मत भाचीचं. ती माधापूरला नोकरी करते, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. काचीगुड्याचं तिचं आजोळ, म्हणजे माझं सासर, बिल्डरकडे गेलं तेव्हा भांडीकुंडी आणि कपाटांच्या वाटण्या झाल्या. माळ्यावरचं रेकॉर्डींचं खोकं मात्र तिनं एकटीनं मागून घेतलं. मी गाणं शिकले आहे, त्यामुळे दोघंही आपापल्या बाजूनं माझ्याकडे बघत होते. मी आधी दोघांचं ऐकून घेतलं.

खोक्यात काय आहे ते सांगायला हवं, कारण यंत्र त्यावरूनच ठरतं. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी इकडच्या मराठी घरांतलं खोकं पुण्याच्या खोक्यासारखं नसतं. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमची घरं इथंच राहिली. त्यामुळे गीतरामायणाच्या एलपींना लागून इथल्याच अझीज अहमद खाँ वारसींच्या कव्वालीची एलपी उभी आहे. किशोरीताईंची एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली ती प्रसिद्ध रेकॉर्ड आहे, भीमसेनजी आहेत, बेगम अख्तर आहेत, पु. ल. आहेत, पॉलिडोरनं काढलेले ‘शोले’चे संवाद आहेत. आणि सगळ्यांत खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, हाताला जड लागणाऱ्या 78 च्या रेकॉर्डी: बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ.

भाची : मामा, मी एक बघून ठेवलंय. सुटकेससारखं आहे, झाकण लावलं की उचलून नेता येतं. स्पीकर आतच, ब्लूटूथपण आहे. सात-आठ हजारांत मिळतं. पहिल्यांदा घेताना एवढं बस झालं की.

मामा : त्याची सुई कसली आहे?

भाची : ते काही लिहिलेलं नाही. रंग पाच आहेत, ते लिहिलंय.

मामा : सुईचं लिहिलेलं नाही म्हणजे काट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, बहुतेक सिरॅमिकचं असणार. त्यातून वीज भरपूर निघते, शेकडो मिलिव्होल्ट. त्यामुळे वेगळा प्रीॲम्प लावावा लागत नाही आणि पेटी स्वस्तात पडते. पण ते काट्रिज अंगानं ताठ असतं, सुईला खाचेबरोबर सहज हलू देत नाही. मग सुई उडू नये म्हणून वरून भार वाढवतात. पाच ग्रॅम, कुठे त्याहून जास्त. चांगल्या मॅग्नेटिक काट्रिजचं काम दोन ते साडेतीन ग्रॅममध्ये होतं.

भाची : दोन-तीन ग्रॅमनं असा काय फरक पडणार आहे?

मामा : तो भार किती जागेवर पडतो ते बघ ना. एलपीच्या सुईचं टोक पंधरा-अठरा मायक्रॉन त्रिज्येचं असतं. माणसाचा केस त्याच्यापेक्षा जाड.

एवढं बोलून हे उठले आणि आतून घड्याळजीचं भिंग आणि एक जुनी सुई घेऊन आले. घरात पूर्वी एचएमव्हीचा फिएस्टा होता. पेटी केव्हाच मोडीत गेली, सुई यांनी काडेपेटीत ठेवलेली होती. नीलमण्याची, म्हणजे सफायरची सुई. त्या काळच्या स्वस्त पेट्यांना तीच असायची, आणि ती काही डझन तासांतच झिजते. हिऱ्याची असेल तर पाचशे ते हजार तास. भाचीनं भिंगातून बघितलं. धातूची बारीक काडी, तिच्या टोकाला कणभर खडा, आणि तो खडा गोल राहिलेला नव्हता. दोन्ही बाजूंनी सपाट होऊन त्याला छिन्नीसारखी धार आली होती. मग यांनी खोक्यातली एक एलपी काढून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. पहिल्या दोन इंचांत काळी चमक होती. त्यापुढे पट्टाच्या पट्टा राखाडी, भुरकट दिसत होता.

मामा : हे त्या धारेचं काम. आमच्या अण्णांना ही रेकॉर्ड फार आवडायची, म्हणून रोज लागायची. झिजलेल्या सुईनं लागायची.

भाची : हे पुसून जाणार नाही?

मामा : धूळ असती तर गेलं असतं. ही खाचच खरवडली गेलीय. त्यातला सूर गेला तो गेला.

सुटकेस तिथंच बाद झाली. भाचीनं ते मनापासून मान्य केलं. खरा वाद त्यानंतर सुरू झाला, कारण आता यांना वाटलं की ती आपल्या बाजूला आली.

मामा : तर मग माझं ऐक. नवं काही घेऊच नकोस. रविवारी एर्रागड्ड्याच्या बाजारात जाऊ, नाहीतर गुरुवारी जुमेरात बाजारात. जुना, लोखंडी बुडाचा, चार गतींचा टर्नटेबल शोधू. 16, 33, 45, 78. मी उघडतो, साफ करतो, तेल घालतो. रबरी चाक कडक झालं असेल तर बसवून आणतो. कोटीच्या गुजराती गल्लीत वायरी, पिना, काय हवं ते मिळतं. पाच-सात हजारांत असं यंत्र उभं राहील की तुझ्या पोरांनासुद्धा पुरेल.

भाची : मामा, कोण उघडणार आहे ते? तुम्ही. बिघडलं तर कोण बघणार? तुम्हीच. मी माधापुरात, तुम्ही सिकंदराबादला. दर वेळी ते ओझं मेट्रोतून आणू का? आणि काट्रिज कुठलं बसवणार? जुन्या सिरॅमिकची नवी सुई शोधायची तर ती खरी की नकली हेसुद्धा कळत नाही. आत्ता तुम्हीच मला ती छिन्नी दाखवलीत.

मामा : काट्रिज बदलू. मॅग्नेटिक बसवू.

भाची : सुई धरणाऱ्या त्या जुन्या जड दांडीवर? तिला दोन-तीन ग्रॅमवर आणता येईल?

हे गप्प झाले. प्रश्न बरोबर होता. त्या काळच्या स्वस्त पेट्यांच्या दांड्या जड, सांधे कडक. त्यांची घडणच पाच-सहा ग्रॅमच्या हिशेबानं झालेली. गॅरार्डसारख्या चांगल्या यंत्रांची गोष्ट वेगळी, पण ती बाजारात उघड्यावर पडलेली सापडत नाहीत, आणि सापडली तरी विकणाऱ्याला त्यांची किंमत पक्की ठाऊक असते.

भाची : दुसरा एक रस्ता आहे. दादा डिसेंबरात डॅलसहून येतोय. तिकडे जुने जपानी टर्नटेबल स्वस्त मिळतात म्हणतो. एक घेऊन ये म्हणू का?

मामा : आणू दे. पण आधी यंत्राच्या मागच्या पाटीचा फोटो मागव. तिकडची वीज 120 व्होल्ट आणि 60 सायकलची. व्होल्टचं काम ट्रान्सफॉर्मरनं होईल. सायकलचं होत नाही. जुन्या कित्येक यंत्रांची एसी मोटर विजेच्या सायकलीला बांधलेली असते. आपल्याकडे 50 सायकल. म्हणजे मिनिटाला 33⅓ फेऱ्यांऐवजी अठ्ठावीसच्याही आत.

इथं मला बोलावंच लागलं. कागदावर हा आकडा लहान दिसतो. गाण्यात तो तीन सुरांहून थोडा जास्त उतार आहे. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्याही किंचित खाली गेलेली ऐकू येईल, लय रेंगाळेल, आणि ज्यानं मूळ गाणं ऐकलेलं नाही त्याला वाटेल की बाईंचा आवाजच असा घोगरा होता. मोटर डीसी असेल किंवा क्वार्ट्झवर चालणारी असेल तर ही अडचण येत नाही. नाहीतर पुली बदलावी लागते. हैदराबादेत निम्म्या घरांतलं कोणीतरी अमेरिकेत आहे आणि सामानातून काय काय येत असतं, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते.

भाची : मामी, तुम्हीच सांगा. तुम्हाला यंत्रात काय ऐकू यायला हवं?

मी सांगितलं की मला आधी तानपुरा ऐकू यायला हवा. टर्नटेबलवर लिहिणारे बहुतेक लोक ड्रम आणि गिटार लावून यंत्र पारखतात. ठोक्याच्या गाण्यात गतीचा दोष लपून जातो. आपला षड्ज लपू देत नाही. ख्यालाच्या रेकॉर्डीवर सुरुवातीला तानपुरा आणि गायकाचा लांब ‘सा’ लागतो, तिथं यंत्र थोडंही डुललं तरी सूर पाण्यावर ठेवल्यासारखा वर-खाली होतो. दोष रेकॉर्डीचाही असू शकतो: मधलं भोक नेमकं मध्यावर नसेल तर दर फेरीला, म्हणजे दर 1.8 सेकंदांनी, सूर एकदा चढतो आणि एकदा उतरतो. आपल्याकडच्या जुन्या छपाईत असे नग बरेच आहेत. म्हणून तीन-चार वेगवेगळ्या रेकॉर्डी लावायच्या. एकीवरच डुलत असेल तर रेकॉर्ड तशी आहे. सगळ्यांवर डुलत असेल तर यंत्र परत करायचं. दुकानात जाताना आपली रेकॉर्ड बरोबर न्यावी ती यासाठी.

दुसरी गोष्ट मला अधिक जवळची आहे. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं असतात. तेवढ्यात बडा ख्याल, मग द्रुत, आणि शेवटी तानांचा वर्षाव. गाणं शेवटाकडे चढत जातं. रेकॉर्डीचं नेमकं उलटं. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर सरकते; आत लेबलाजवळ हा वेग वीस-बावीस सेंटिमीटरवर येतो. तेवढ्याच सेकंदाचा सूर निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, वळणं दाटीची होतात, आणि गोल टोकाच्या सुईला ती नीट गाठता येत नाहीत. म्हणून स्वस्त यंत्रावर भीमसेनजींची शेवटची तान फाटल्यासारखी ऐकू येते. लोक म्हणतात, रेकॉर्ड खराब झाली. कित्येकदा रेकॉर्ड चांगली असते, सुई कमी पडते. लंबगोल टोकाची सुई, जिला इलिप्टिकल म्हणतात, तिथं स्पष्ट फरक करते.

मामा : ऐकलंस? म्हणून म्हणतो, स्वस्तात पडू नको.

भाची : तुमच्या पाच-सात हजारांच्या लोखंडी यंत्रावर इलिप्टिकल बसणार आहे का, मामा?

मामा : ते राहू दे. तुझ्या मनात कुठलं आहे ते सांग.

भाची : ऑडिओ-टेक्निकाचं एलपी60एक्स. पंधरा हजारांच्या आगेमागे मिळतं. बेल्टवर फिरतं, मोटर डीसी, अडॅप्टरवर चालते. काट्रिज मॅग्नेटिक, हिऱ्याची सुई, आणि ती सुई नखानं ओढून बदलता येते. प्रीॲम्प आत आहे, बटणानं चालू-बंद होतो. बटण दाबलं की दांडी आपोआप रेकॉर्डीवर जाते आणि संपलं की उचलून परत येते. उरलेल्या दहांत विजेवर चालणारे दोन बरे स्पीकर, ब्रश, आणि रेकॉर्डींना नवी आतली पाकिटं.

मामा : भार किती आहे, कमी-जास्त करता येतो?

भाची : नाही. कंपनीनं बसवून दिलाय, तीन ग्रॅमच्या आसपास. त्या काट्रिजला अडीच ते साडेतीन चालतो.

मामा : म्हणजे उद्या वेगळं काट्रिज लावावंसं वाटलं तर?

भाची : लावता येत नाही. सुई तेवढी बदलते.

मामा : आणि सुई गोल टोकाची. 78 ची गती?

भाची : नाही. 33 आणि 45.

मामा : मग त्यात आहे काय? भार धरता येत नाही, काट्रिज बदलता येत नाही, अब्दुल करीम खाँ लागत नाहीत. प्लास्टिकची थाळी...

भाची : थाळी ॲल्युमिनियमची आहे.

मामा : बरं, ॲल्युमिनियमची. त्याच कंपनीचं मोठं यंत्र आहे ना, 120? त्याला मागे वजन आहे, भार स्वतः ठरवता येतो, तिन्ही गती आहेत, सुई इलिप्टिकल आहे. तिच्या जागी 78 ची जाड सुईसुद्धा त्याच काट्रिजच्या अंगावर बसते, तसली मिळते. घ्यायचं तर ते घे. सहा महिने थांब, पैसे साठव.

यांचं म्हणणं तंत्राच्या बाजूनं बिनतोड आहे. 120 ची किंमत दुपटीहून जास्त असली तरी ज्या घरात दोन्ही काळांच्या रेकॉर्डी आहेत त्या घराला ते एकच यंत्र पुरतं. पण भाचीचं उत्तर ऐकून माझं पारडं तिच्या बाजूला झुकलं.

भाची : मामा, खोकं माळ्यावर किती वर्षं होतं? तेव्हाही सगळे हेच म्हणत असणार, चांगलं यंत्र घेऊ मग लावू. मला या रविवारी भूप ऐकायचाय. पंडित जसराजांची गोष्ट तुम्हीच सांगता ना, लहानपणी इथं हैदराबादेत शाळेच्या वाटेवर एका हॉटेलात बेगम अख्तरची रेकॉर्ड लागायची आणि ते शाळा बुडवून ऐकत बसायचे? त्या हॉटेलातल्या यंत्राची सुई कोणी भिंगाखाली धरली होती?

मामा : नव्हती धरली. पण त्या हॉटेलवाल्याची रेकॉर्ड घासून गेली तर तो बाजारातून तीच दुसरी आणत होता. ती तेव्हा विकायला होती. पोटाशी धरून जपायची वस्तू नव्हती ती, धंद्याची वस्तू होती. वारसींची एलपी तू कुठून आणणार आहेस? किशोरीताईंची मिळेल, पुष्कळ छापली गेली. गीतरामायण मिळेल. ही कव्वाली मिळेल असं मला कोणी सांगावं.

मला वाटतं, सगळ्या वादाचा गाभा या दोन बोलण्यांत आला. जसराजजींचा जन्म 1930 चा. वडील पंडित मोतीराम हैदराबादेतच वारले, आणि हा मुलगा रस्त्यावर ऐकलेल्या रेकॉर्डीनं गाण्याकडे ओढला गेला. यंत्र कसलंही असो, ते लागलेलं होतं म्हणून हे घडलं. भाची म्हणते ते खरंच आहे. पण तेव्हाचा ऐकणारा आणि आजचा ऐकणारा यांत यांनी दाखवलेला फरकही तेवढाच खरा आहे. आज रेकॉर्ड ही पुष्कळदा शेवटची प्रत असते. नवीन एलपी दोन-अडीच हजारांपासून पुढे मिळतात, जुन्या लोकप्रिय संगीताच्या पुन्हा छापल्या जातात. पण आजोबांच्या खोक्यातल्या सगळ्या कोणी पुन्हा छापणार नाही.

म्हणून मी माझं मत दिलं. पहिल्या यंत्राला एक रेघ आखावी: काट्रिज मॅग्नेटिक, सुई हिऱ्याची आणि बदलता येण्याजोगी, भार साडेतीन ग्रॅमच्या आत, गती स्थिर. या रेघेच्या खालचं यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नये, कारण ते रेकॉर्ड खातं. रेघेच्या वरचं सगळ्यांत साधं यंत्र घेऊन ऐकायला लागावं. एलपी60एक्सवर भीमसेनजींची शेवटची तान थोडी धूसर लागेल. पण ती खाचेत शाबूत राहील, आणि पुढे कधी चांगली सुई आली की पूर्ण ऐकू येईल. कमी ऐकवणारं यंत्र मला चालतं. ऐकवता ऐकवता पुसून टाकणारं चालत नाही.

मामा : आणि मग 78?

भाची : त्या तुम्ही सांगा.

मामा : त्या एलपीच्या सुईनं लावायच्याच नाहीत, गती असली तरी. त्यांची खाच तिपटीनं रुंद. तिला पासष्ट-सत्तर मायक्रॉनचं टोक लागतं. बारीक सुई तळाच्या कचऱ्यात घरंगळत जाते, आणि ऐकू येते ती नुसती खरखर. चावीच्या फोनोवर त्या वाजायच्या तेव्हा साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमहून जास्त असायचा, पोलादी पिन दर बाजूला बदलायची. लाखेच्या रेकॉर्डीत मुद्दाम कठीण भुकटी घातलेली, पिननं खाचेच्या मापाला झिजावं म्हणून. तिथं रेकॉर्ड पिनला घासायची. एलपीत उलटं, सुई रेकॉर्डीला घासते. म्हणून एकाचं यंत्र दुसऱ्याला नको.

भाची : मग मला 78 ची गती नसलेलं यंत्रच बरं. चुकून कोणी लावणार नाही.

हे हसले, पण विचारात पडले. तिच्या बोलण्यात तथ्य आहे. तीन गतींचं बटण असलेल्या घरात पाहुणा एखादी 78 उचलून ठेवतोच.

मधल्या काही गोष्टी पटापट मिटल्या. प्रीॲम्प आत असलेला बरा, यावर दोघांचं एकमत. मॅग्नेटिक काट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट निघतात, आणि रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबून तार उचललेली असते; 1954 साली अमेरिकेत त्याचं एक कोष्टक ठरलं आणि पुढे साऱ्या जगानं तेच घेतलं. ते उलटं करून मूळ तोल परत आणायचं काम प्रीॲम्प करतो. तो नसेल आणि वायर सरळ स्पीकरला जोडली तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो, आणि माणूस यंत्राला दोष देतो. टर्नटेबलमधला आणि स्पीकरकडचा असे दोन्ही प्रीॲम्प चालू राहिले तर आवाज फाटतो. म्हणून एकच चालू ठेवायचा. स्पीकर आणि टर्नटेबल एका टेबलावर नकोत, स्पीकरची थरथर सुईत शिरते. टेबल पाणसळ लावून सपाट करून घ्यायचं. ती यांच्याकडे आहेच. रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत. एप्रिल-मे महिन्यात गाडीत अजिबात सोडायच्या नाहीत, हैदराबादच्या उन्हात बंद गाडीतली एलपी तासाभरात वाकडी होते. पावसाळ्यात पाकिटांना बुरशी धरते, म्हणून जुनी आतली कागदी पाकिटं आधी बदलायची.

ऑनलाइन की दुकानातून, यावर मात्र दोघं अडली. भाचीला दोन दिवसांत घरी येणारा माल हवा. यांना दुकानात उभं राहून, थाळी हातानं फिरवून, रेकॉर्ड लावून घ्यायचंय. मी यांच्या बाजूनं बोलले ते तानपुऱ्यासाठी. ज्या दुकानात रेकॉर्ड लावू देत नाहीत तिथून घेण्यापेक्षा, परत करायची सोय लेखी असलेल्या ठिकाणाहून मागवलेलं चांगलं. मागवल्यावर मात्र पहिल्या आठवड्यातच सगळी पारख करायची. खोकं फोडून कोपऱ्यात ठेवायचं नाही.

मामा : सुईचे तास लिहून ठेवायचे. एक वही कर. रोज एक तास ऐकलंस तर पाचशे तासांना दीड वर्ष नाही लागत. नवी सुई आधीच आणून ठेव.

भाची : लिहीन. फोनमध्ये लिहिलं तर चालेल?

मामा : चालेल. लिहिलं म्हणजे झालं.

भाची : आणि 78 तुमच्याकडे ठेवा. तुम्हाला एर्रागड्ड्याचं लोखंडी यंत्र हवंच आहे, ते त्यांच्यासाठी उभं करा. जड दांडी त्यांना चालते. त्यात तुमचं सगळं बसतं.

मामा : हौ, हे जमेल. रबरी चाकाचं मी बघतो. 78 ची जाड सुई मुंबईहून मागवू. तिकडे 1990 पासून जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांची मंडळी आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. त्यांना कोणाकडे काय मिळतं ते माहीत असतं.

भाची : पण एक अट. माझं यंत्र तुम्ही भिंगाखाली घातलंत, तसं तुमचंही होणार. सुईचा भार मोजायचा छोटा काटा मिळतो, तो मी आणते. आधी त्यावर मोजायचं, आकडा मला कळवायचा, मगच बालगंधर्व लावायचे.

मामा : मान्य. आणि तू त्या पुसायला जाऊ नकोस. एलपी पुसायला लोक स्पिरिट वापरतात. ते लाखेवर पडलं तर लाख विरघळते. नुसतं पाणी, तेही लेबल वाचवून, आणि मऊ फडकं. बाकी माझ्यावर सोड.